इंग्रजी चूल आणि सात दिवसांची हरकत

महांतप्पाच्या घरचा चहा चांगला असतो, असं आमच्या गल्लीत कुणीही सांगेल. मी सांगणार नाही. मी तो एकदाच प्यायलोय, तोही नाइलाजानं, आणि माझ्या मते त्यात आलं जास्त होतं.

अर्थात लोक तिथं चहासाठी जात नव्हते, हे मला कबूल केलं पाहिजे. ते जात होते शेगडी बघायला. महांतप्पा म्हणजे माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून. चौकात त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. ऑगस्टमध्ये कुठल्यातरी जुन्या बंगल्याचं पाडकाम निघालं, हा गेला होता तिथं जुने वासे बघायला, आणि वाशांऐवजी टेम्पोतून घेऊन आला एक ओतीव लोखंडाची शेगडी. कमरेइतकी उंच, मधे पोट सुटलेलं, पुढं छोटं दार, डोक्यावर धुराचा पाईप. थंड मुलखात ही खोली गरम करायला वापरतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यात खोली गरम करायला माणसाला काही करावं लागत नाही, पत्रा ते काम करतो. पण महांतप्पानं ती बैठकीत बसवली, काळा रंग मारला, आणि दर सोमवारी पूजा झाली की त्यात लाकडं घालून तिच्या डोक्यावर चहा ठेवायला लागला. गावानं तिचं नाव पाडलं इंग्रजी चूल.

मला हेवा वाटला. सरळ सांगतो, आडपडदा ठेवत नाही. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. नळदुर्गच्या किल्ल्यात सव्वीस सहली नेल्या, आणि तिथल्या बंधाऱ्यातून पाणी कसं खेळवलंय हे प्रत्येक वेळी उन्हात उभं राहून सांगितलं. त्या ज्ञानाबद्दल मला या गावानं कधी पाण्याचा पेला विचारला नाही. आणि ज्या माणसाला कुठलीही जुनी वस्तू दाखवली तरी तो "निजामाच्या आधीची हाय" एवढंच सांगतो, त्याच्या बैठकीत लोक मांडी घालून ऐकत होते. एका सोमवारी मी खिडकीतून बघितलं तर त्या घोळक्यात आमची शुभांगीसुद्धा बशीतून चहा पीत बसली होती. शुभांगी म्हणजे माझी पत्नी. घरी ती बशी वापरत नाही.

हेही मी गिळलं असतं. पण मग शाळेचे मुख्याध्यापक बजरंग घरी आले. बजरंग माझा विद्यार्थी. सनावळ्या कधी पाठ झाल्या नाहीत म्हणून मुख्याध्यापक झाला असावा. त्यानं सांगितलं की शाळेत जुन्या वस्तूंचं दालन करतोय, सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की उद्घाटन. मी खुर्चीत जरा सरळ बसलो. उद्घाटक म्हणून नाव सुचवायचं असेल तर संकोच करू नकोस, असं काहीतरी बोलायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो म्हणाला की उद्घाटन महांतप्पा काकांच्या हस्ते आहे, ते शेगडी देणारेत, आणि दालनातल्या वस्तूंच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन मी तपासून द्यावं.

मी त्याला चहा न देता बसवून ठेवला. मग शेवटी अगदी सहज, कॅलेंडरकडं बघत विचारलं की समजा गावात त्याहून जुनी शेगडी निघाली तर. बजरंग खूश झाला. तो म्हणाला, "मग दोन खुर्च्या टाकू की सर. दोघांच्या हस्ते करू. फक्त चालू पाहिजे बरं का. बंद पडलेल्या वस्तू लई जमल्यात आमच्याकडं. सोळा तारखेला समिती घेऊन बघायला येतो."

त्या दुसऱ्या खुर्चीसाठी मी पुढं जे केलं ते ऐकून माझ्याविषयी मत बनवायची घाई करू नका.

आधी अभ्यास. तीन दिवस मोबाईलवर वाचून मी शेगड्यांचा सगळा वंश काढला. पोटवाली शेगडी म्हणजे स्टेशनांवर, दुकानांत ठेवायचा अलीकडचा माल. तिच्या आधीची पेटी-शेगडी: लांबट पेटी, खाली चार वाकडे पाय, एका टोकाला दार, आत हातभर लांब ओंडका सबंध जातो. ती लोखंडाचे सपाट पत्रे जोडून करत आणि पत्र्यांवर फुलं, प्राणी, घरं असली नक्षी ओतत. पुढं ओतकाम सुधारलं तेव्हा कुठं गोल पोटं आली. म्हणजे महांतप्पाची शेगडी ही नात, आणि मला हवी होती तिची आजी. एवढं कळल्यावर मला दोन दिवस शांत झोप लागली.

आजी सापडली नळदुर्गाजवळ हायवेच्या एका ढाब्यामागं. गवंडी बलभीमनं पत्ता दिला. हैदराबादच्या भंगारात आलेली ती पेटी ढाबेवाल्यानं कोंबड्यांना दिली होती. दारावर हरिण होतं, तीन पाय होते, चौथ्या जागी वीट होती, आणि आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. ढाबेवाल्याला पैशात रस नव्हता. त्याची नजर माझ्या स्कूटरवर होती. कोंबडी उठायला अजून आठ दिवस लागतील, थांबता का, असं त्यानं विचारलं. माझ्याकडं आठ दिवस नव्हते. शेवटी स्कूटर त्याला, पेटी मला, आणि कोंबडीला एक टोपली, असा व्यवहार ठरला. मी टेम्पोच्या मागच्या बाजूला हरणाला टेकून घरी आलो. गल्लीच्या तोंडाशी महांतप्पा उभा होता. त्यानं नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, खाली उतरा, म्या धरतो." आणि खरंच एका बाजूनं धरली. माणूस चांगला वागला की हेवा करणं फार अवघड होतं, पण मी निभावलं.

शुभांगीनं पेटी बघितली. स्कूटर कुठंय विचारलं. मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या माणसाला त्या "बरं"मधून बरंच काही कळायला पाहिजे होतं. मी हरणाला राख लावून घासत बसलो.

मग सल्ले सुरू झाले. गल्लीतल्या प्रत्येकाला शेगडीतलं कळत होतं. कुणी म्हणालं बाभळ जाळा, कुणी म्हणालं बाभळीनं लोखंड तडकतं, चिंच जाळा. समोरच्या प्रेमाबाईंनी सांगितलं की आधी आत शेणानं सारवा. एकानं हरिण पश्चिमेकडं तोंड करून ठेवू नका म्हणून बजावलं. पण बोचला तो महांतप्पाचा सल्ला. कुंपणावरून वाकून त्यानं हळूच विचारलं की पाईपाची परवानगी काढली का, म्या काढली, फ्रेम करून लावलीय. मी त्याच्या बैठकीत जाऊन बघितलं. खरंच होती, गोल शिक्क्यासकट, काचेत. तो आल्याचा चहा मी प्यायलो तो तेव्हाच.

आता मला परवानगी हवी होती. तिची गरज होती की नव्हती, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. त्याच्याकडं शिक्का आणि माझ्याकडं नाही, एवढंच दिसत होतं.

ग्रामपंचायत कार्यालयातला कारकून सभ्य होता. त्यानं अर्ज काढून विचारलं, घरात आधी काय आहे. मी म्हटलं गॅस. मग तो म्हणाला की एका कुटुंबाची एक चूल, ती तुमची गॅसची लागलेली आहे. मी म्हटलं, शेजाऱ्याला कशी मिळाली. तर महांतप्पानं ती दुकानाच्या नावावर घेतली होती, चहासाठी. मला दुकान नाही. मी ही चूल नाहीच, ही ऐतिहासिक शेगडी आहे, पेटी प्रकारातली, असं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "सर, हिच्यात लाकूड जळतं का?" जळतं म्हटल्यावर तो म्हणाला, "मग चूलच ती." दुसरी चूल दाखवायची तर एकच सोय होती, कुटुंब विभक्त दाखवायचं. दुसरा कागद, साधं प्रतिज्ञापत्र, आपल्याकडं भावा-भावांचं रोज होतं, दोन मिनिटांचं काम.

तारीख होती सहा सप्टेंबर. मला दालनातली ती खुर्ची दिसत होती. प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं की मी खाली सही करणार उमाशंकर अमुक तारखेपासून पत्नीपासून स्वतंत्र चूल मांडून विभक्त राहत आहे, सबब दुसऱ्या चुलीस मान्यता मिळावी. मी ते नीट वाचलं. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या. त्या दुरुस्त केल्या आणि सही ठोकली. एकतीस वर्षं मी हेच केलंय, मुलांनी काय लिहिलंय यापेक्षा कसं लिहिलंय ते बघितलंय.

शिक्का मिळाला. तो महांतप्पाच्या शिक्क्यापेक्षा मोठा होता. त्याच आनंदात मी बलभीमला बोलावलं, आणि त्यानं बैठकीच्या स्लॅबला भोक पाडून पाईप वर काढला. तीन दिवसांत काम फत्ते. त्या तीन दिवसांत शुभांगीनं सिमेंटची धूळ दोनदा झाडली आणि तिसऱ्यांदा झाडली नाही. पहिल्यांदा पेटवली तेव्हा धूर पाईपाऐवजी दारातून आला, कारण पाईपात कोंबडीचं गवत होतं. ते काढल्यावर शेगडी अशी झकास पेटली की खोलीत थांबता येईना. मी अंगणात उभा राहून घाम पुसत खिडकीतून तिच्याकडं बघत होतो. फार देखणी दिसत होती.

मला एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. शिक्का दिला तरी असा अर्ज पुढं सात दिवस कार्यालयाच्या फळ्यावर लावतात, कुणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून. त्या फळ्यासमोरून अर्धं गाव जातं. माझ्या हातचं लाल शाईतलं शुद्धलेखन सगळ्यांनी ओळखलं.

आधी मला काही समजेना. किराणावाला माझ्याकडं बघून हळू बोलायला लागला. प्रेमाबाईंनी एक वाटी आमटी आणून दिली, शुभांगीला नाही, मला, आणि डोळे पुसले. मुलानं, श्रीशैलनं, पुण्याहून फोन करून विचारलं, "बाबा, या वयात?" तो शेगडीबद्दल विचारतोय असं समजून मी त्याला सांगितलं की या वयातच वेळ मिळतो, आणि हौस कधीतरी पुरी करायलाच पाहिजे. त्यानं फोन ठेवला. चौदा तारखेला सकाळी जिल्ह्यातल्याच वाशीहून माझी थोरली बहीण, शिवलीला अक्का, नवऱ्याला घेऊन एसटीनं दारात उतरली. तिच्या मोबाईलमध्ये फळ्याचा फोटो होता. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी फोटो मोठा करून बघितला, तेव्हा कुठं गावानं काय वाचलं ते मला कळलं. आमच्याकडं घरात दुसरी चूल पेटली म्हणजे संपलं, मग कुणी कोर्टात गेलं नाही तरी चालतं. भाऊ वेगळे झाले असं आपण म्हणतो तेव्हा एवढंच झालेलं असतं. मी दुसरी चूल पेटवली होती, सही करून, शिक्क्यासकट, आणि तिचा धूर तीन दिवस गावावरून सोडला होता.

अक्काला समजावून सांगितलं. शाळा, दालन, खुर्ची, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की असली थाप तिसरीतलं पोर मारणार नाही. मग तिनं रीतीप्रमाणं चार माणसं बसवायची ठरवली आणि शेजारचं वडीलधारं माणूस म्हणून बोलावलं कुणाला, तर महांतप्पाला. तो पांढरा सदरा घालून, कपाळाला विभूती लावून आला, आणि सोबत त्याची बायको इरम्मा. त्याला अक्कानं माझी खुर्ची दिली. मी शेगडीजवळ पाटावर बसलो. माझ्या घरात, माझ्या संसाराच्या बैठकीचा अध्यक्षसुद्धा तोच झाला.

महांतप्पा घसा खाकरून म्हणाला की सरांचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे, कागदाचा घोळ असणार, उद्या अर्ज मागं घेऊ, आता वैनींनी राग सोडावा. बोलला तो बरोबर, आणि माझ्या बाजूनं. मला ते मुळीच आवडलं नाही. सगळे शुभांगीकडं बघायला लागले. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

ती म्हणाली, "मला ठावं हाय, कागद खोटा हाय. ह्यांना माझ्यापासून वेगळं व्हायला जमायचं न्हाय, ह्यांना गिझरचं बटन सापडत न्हाय. माझं दुसरंच म्हणणं हाय."

तिनं वर, स्लॅबच्या भोकाकडं बघितलं.

"लग्न होऊन आले तवा घरात गॅस नव्हता. अकरा वर्सं मी चुलीवर रांधलं. दर दिवाळीला म्हणायचे, अहो, एक धुराडं काढा, डोळे जळत्यात. हे म्हणायचे, भिंत कच्ची हाय, भोक पाडलं की पडंल. मी म्हटलं, पडंल बाबा, ते शिकलेले हायत. अकरा वर्सं. आन् ह्या हरणासाठी पक्का स्लॅब फोडला तीन दिवसांत."

मला उत्तर द्यायचं होतं. त्या वेळची भिंत खरंच मातीची होती. पण खरं सांगायचं तर ती पडेल का, हे मी कधी कुणा गवंड्याला विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं पडेल, आणि मला वाटलं होतं की धुराचं काय एवढं, सगळ्यांच्याच घरात असतो.

तेवढ्यात इरम्मा बोलली. तिला बिचारीला वातावरण हलकं करायचं होतं. "अय्य, व्हय की वैनी," ती म्हणाली, "आमच्या ह्यांनी तर माझ्या पहिल्या बाळंतपणालाच धुराडं काढलं. भिंत मातीचीच होती. पडली न्हाय. अजून हाय की."

भिंतीला भिंत लागून घर. तीच माती, तीच वर्षं. मी खुर्चीतल्या महांतप्पाकडं बघितलं. तो ओशाळून जमिनीकडं बघत होता. शेगडीचा, चहाचा, फ्रेमचा, उद्घाटनाचा मी गेला महिनाभर त्याचा हेवा केला होता, आणि तो सगळा फुकट गेला होता. ज्यात खरोखर जिंकायचं होतं त्यात या माणसानं मला पस्तीस वर्षांपूर्वीच हरवलं होतं, आणि स्पर्धा आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. खरा हेवा मला तेव्हा वाटला.

अक्कानं विचारलं, "मग शुभे, तुझी इच्छा काय?"

"मला हा पाईप पाहिजे. माझ्या स्वयंपाकघरात. कोपऱ्यात लहान चूल मांडून देतील, तिच्यावर."

अक्काच्या यजमानांनी विचारलं की आता गॅस आहे, गरज काय.

"गरज न्हाय," ती म्हणाली. "पाहिजे."

पाईप काढला की शेगडी बंद. सोळाला बजरंग समिती घेऊन येणार, आणि चालू नसेल तर दुसरी खुर्ची नाही. हे तिलाही माहीत होतं, अक्काला मी मघाशी तेच तर सांगितलं होतं. नवा पाईप सोलापूरहून यायला आठ दिवस. मी म्हटलं, अठरा तारखेला हाच पाईप काढून लावून देतो, फक्त चार दिवस. ती "बरं" म्हणाली. या वेळी मला तो शब्द कळला.

मी अर्ज मागं घेतला. त्यासाठी वेगळा अर्ज लागला, त्यातल्या चुका मी तशाच ठेवल्या. पंधरा तारखेला पाईप उतरवला. सोळाला बजरंग समिती घेऊन आला, त्यानं पेटीत डोकं घातलं, वर स्लॅबमधून दिसणारं आभाळ बघितलं आणि "अरे रे, सर" म्हणाला. मी त्याला पाट्यांचं तपासलेलं शुद्धलेखन दिलं. महांतप्पाच्या पाटीवर "निजामपूर्व काळ" असं लिहिलं होतं. मी ते खोडलं नाही. खोडायला हात वळवळत होता, पण नाही खोडलं.

बलभीम रिकामा होता तो नेमका सतराला. झेंडावंदन करून मी उद्घाटनाला न थांबता घरी आलो. पाठीमागं लाऊडस्पीकरवर महांतप्पाचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, चांगल्या दणदणीत झाल्या. मी स्वयंपाकघरात स्टुलावर चढून दोन्ही हातांनी पाईप धरून उभा होतो आणि बलभीम गच्चीवरून खाली सिमेंट सांडत होता. डोक्यात, कानात, शर्टात सिमेंट गेलं. शुभांगीनं कोपऱ्यात माती थापून चूल मांडली होती. बलभीमनं वरून ओरडून विचारलं की पाईप गच्चीच्या किती वर काढू, हातभर पुरे का.

मी पुरे म्हणणार होतो. शुभांगी अंगणात गेली. तिथून शेजारच्या कौलांवरचं इरम्माचं धुराडं दिसतं. ती त्याच्याकडं बघत बराच वेळ थांबली, मग आत येऊन मला खालच्या आवाजात म्हणाली, "त्यांच्यापेक्षा वीतभर वर घ्यायला सांगा."